कावळेवाली टेप, दुसरी बाजू

घरात दुसरं माणूस असतं तर मी त्या टेपा कधी लावल्या नसत्या. पण नवरा वारला होता आणि मुलगी नागपूरचं शिक्षण संपवून बंगळूरला नोकरीला गेली होती. जाताना टेपरेकॉर्डर आणि बिस्किटाच्या डब्यातल्या टेपा इथेच ठेवून गेली. "फेकू नको वं माय," एवढंच म्हणाली. हेवी मेटल म्हणतात त्या गाण्यांना. वसतिगृहात तिला ते खूळ लागलं होतं. सुट्टीत आली की ती लावायची आणि मी बंद करायची.

मी बिड्या वळत होते. कामठ्याच्या बाजूच्या आमच्या गावात धान निघाल्यावर बऱ्याच बाया तेच करायच्या. आधी आम्ही सगळ्या माझ्या ओसरीत बसायचो. मग कोणाच्या सुना आल्या, कोणाकडे टीव्ही आला, आणि ज्या त्या आपापल्या घरी वळू लागल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, आणि घर गप्प. रेडिओ बिघडलेला होता. म्हणून एका दुपारी तो डबा उघडला.

मी चौथी शिकले. इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून चित्रावरून टेपांची नावं ठेवली. कवटीवाली. लोहारवाली, कारण तिच्यावर आग आणि ऐरण होती. कावळेवालीवर वाळकं झाड आणि त्यावर कावळे. एकीवर चित्रच नव्हतं, ती कोरी.

पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून माझी जाऊ ओरडली, "बाई, तुझ्या घरी कोण भांडून राहिलं?"

"कोणी नाई. गाणं हाय."

"गाणं? मंग कोणाले मारून राहिले त्यात?"

"ये ना इकडं, ऐक."

ती आली नाही.

टेपांमधला फरक मला आधी हाताला कळला. कवटीवाली फार धावते. ढोल बडवणारा थांबतच नाही, आणि त्याच्या मागे माझाही हात धावायचा. पान फाटायचं, नाहीतर जर्दा कमी पडायचा. बिडी कारखान्याच्या मुनिमाने त्या आठवड्याच्या बिड्या बोटाने दाबून पाहिल्या आणि बऱ्याच बाजूला टाकल्या. "मावशी, हवा भरली का ह्यात?" म्हणाला. लोहारवाली तशी बरी, पण मधेच एकटी गिटार लांबच लांब वाजत बसते, नुसती हुशारी दाखवायला. कोरीवर कोणी तरी घसा बसल्यासारखा गुरगुरतो. ती मी फार ऐकली नाही. कावळेवाली संथ. चिखलात बसलेली म्हैस उठते तसं तिच्यातलं गाणं उठतं. घाई नाही, पण उठलं की अडवता येत नाही. तिच्या दुसऱ्या बाजूवर माझा हात नीट चालायचा.

मुलगी रविवारी फोन करायची. आधी गावातल्या पीसीओवर, नंतर मोबाइलवर. जेवली का? जेवली. तब्येत? बरी. पाणी पडलं का? पडलं. मग दोघीही गप्प, आणि ती म्हणायची, "ठेवू?" मला बोलता येत नाही असं नाही. पण सांगण्यासारखं काय होतं? आज बिड्या वळल्या, काल बिड्या वळल्या.

एका रविवारी तिने "ठेवू?" म्हटल्यावर मी म्हटलं, "तुझी कवटीवाली टेप काही खास नाई."

ती जवळजवळ ओरडलीच, "तू ऐकून राहिली, माय?"

"मंग काय करू? भिंतीशी बोलू?"

"अगं, कवटीवाली तर सगळ्यात भारी हाय!"

"तो माणूस बांध फुटल्यासारखा वरडते. कायले वरडते, ते त्याले तरी ठाऊक हाय का?"

"मग तुले कोणती आवडते? कावळे हायेत ती?" ती हसली. "ती तर म्हाताऱ्यांची टेप हाय."

"मी म्हातारीच हावो."

त्या दिवशी ती बराच वेळ बोलली. पुढच्या रविवारी तिनेच विषय काढला. मग आमचं भांडण चालूच राहिलं. लोहारवाल्याचा ढोल चांगला की कावळेवाल्याचा, कवटीवालीची पहिली बाजू की दुसरी. एकदा ती गाण्यांचा अर्थ सांगायला लागली. मी म्हटलं, "नको सांगू. तू मले मास्तरणीसारखी शिकवशील, अन् मंग भांडता येणार नाई."

ती दरवेळी विचारायची, "एक नंबर कोणती, ते सांग."

मी म्हणायची, "सांगीन."

सांगितलं नाही. एकदा सांगून टाकलं की पुढच्या रविवारी ती काय विचारणार होती? पुन्हा जेवली का, पाणी पडलं का. अशी मी वर्षं काढली. तिचं तिकडेच लग्न झालं, आमच्या समाजातला मुलगा नव्हता, त्यावरून नातेवाइकांनी तोंड फिरवलं. फोनवर त्याबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. टेपांबद्दल बोललो.

मग एका वर्षी मंडईला ती आली. दिवाळीनंतर गावात मंडई भरते, जत्रेसारखी, तेव्हा बाहेर गेलेली माणसं येतात. येताना तिने स्वतःचा जुना मोबाइल आणला. सगळ्या टेपा त्यात भरल्या होत्या. आणखी कितीतरी होत्या. "आता तो डबा फेक माय, सगळं ह्याच्यात हाय."

मी कावळेवाली लावायला सांगितली. स्वच्छ वाजली. टेपेतली खरखर नव्हती, बाजू पालटायचं काम नव्हतं. मला ती दुसऱ्याच कोणाची वाटली. मुलगी परत जाण्याच्या दिवशी बॅग भरत होती, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं, "कावळेवाली. दुसरी बाजू."

"काय?"

"एक नंबर."

"अच्छा," ती म्हणाली, आणि बॅगेची चेन ओढू लागली. चेन अडकली होती. ओढता ओढताच म्हणाली, "मी ते आता ऐकत नाई वं माय. लय दिवस झाले. डोकं दुखते."

"मंग दर रविवारी कायले विचारत होती?"

"तू बोलत होती म्हणून. नाहीतर तू काही बोलते का?"

चेन लागली. ऑटो आला. ती गेली.

मला राग आला. एखाद्या म्हातारीला भरवावं तशी ती मला दर रविवारी बोलतं करत होती, आणि मी समजत होते की मीच तिला फोनवर धरून ठेवलं आहे. तिचा मोबाइल मी डब्यात टाकला, टेपांच्या वर. बिड्या वळताना काहीच लावलं नाही. जावेने पलीकडून विचारलं, "काऊन वं, भांडण मिटलं वाटते?" मी पानं कापत राहिले.

रविवारी फोन आला.

"जेवली का?"

"जेवली."

"गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच."

तिच्या बाजूला गाड्यांचे भोंगे वाजत होते. मग ती म्हणाली, "ठेवू?"

"त्या दिवशी मी खोटं सांगितलं," मी म्हटलं. "कावळेवाली एक नंबर नाई."

भोंगे वाजत राहिले. फोन कटला असं वाटून मी कानापासून काढून पाहिला.

"मग कोणती?" तिने विचारलं.

तिला खरंच ऐकायचं होतं की माझ्यासाठी विचारलं, ते आवाजावरून कळलं नाही.

"सांगीन," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर सूप मांडीवर घेतलं, आणि डब्यातून कावळेवालीच काढली.