रपट्याकाठचे पानगे

भाद्रपदातली गोष्ट. तळेगावहून आर्वीकडे निघालेली आमची एसटी दोन नाल्यांच्या मधे अडकली. पुढच्या नाल्यावरच्या रपट्यावरून, त्या ठेंगण्या फरशीपुलावरून, गढूळ पाणी जोरात वाहत होतं, म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मागे फिरावं, तर मागचा नालाही भरल्याचं तिकडून परत आलेल्या एका मोटारसायकलवाल्यानं सांगितलं. पाणी उतरेपर्यंत बसून राहण्याशिवाय इलाज नव्हता. गाडीत आम्ही वीसेक माणसं होतो.

माझ्यासोबत बाबा होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सकाळी इन्शुलिन घेतलेले. आत्याला भेटून आम्ही वर्ध्याला परत निघालो होतो. दुपारचं जेवण आर्वीत करू म्हणून मी सोबत काहीच घेतलं नव्हतं. वर्ध्याच्या कॉलेजात मी मुलींना आहारशास्त्र शिकवते, आणि माझ्याच पिशवीत एक बिस्किट नव्हतं. दोन वाजून गेले तसे बाबा बोलेनासे झाले. कपाळावर घाम आला, हात थरथरू लागले.

मागच्या सीटवर पन्नाशीची एक बाई बसली होती. सावळी, काटक, पायाशी दळणाची पिशवी. जवळच्याच गोंड वस्तीवरची, हे मला नंतर कळलं. तिनं बाजाराच्या थैलीतून गुळाचा खडा काढला आणि मला न विचारता बाबांच्या तोंडात घातला. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा घाम ओसरला. मी हात जोडले. ती म्हणाली,

"गुळानं घडीभर निभते, बाई. पोटाले भाकर पायजे."

एवढं बोलून ती पिशवी घेऊन खाली उतरली. पाऊस थांबला होता. रस्त्यालगतच्या शेतात एक उघडा गोठा होता, मालक तिच्या ओळखीचा. टिनाखाली कोरड्या गवऱ्या रचलेल्या होत्या. कंडक्टरनं विचारलं, तवा नाही, परात नाही, भाकर कशी करणार? तिनं बांधावरच्या पळसाकडे बोट दाखवून त्यालाच पानं तोडायला पाठवलं आणि गवऱ्यांचा ढीग पेटवून दिला.

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. खरं सांगायचं तर ती चुकणार याची मला खात्री होती. ज्वारीच्या पिठाला उकळतं पाणी लागतं, नाहीतर भाकर थापताना फाटते, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. ती तर धुतलेल्या पानांवर पीठ घेऊन बाटलीतल्या गार पाण्यानं मळत होती. थैलीतलं मीठ आणि ठेचलेली हिरवी मिरची घातली, तळहाताच्या टाचेनं गोळा रगडत राहिली. मी न राहवून म्हटलं, "मावशी, फाटेल ना?"

"तव्यावर फाटते," ती म्हणाली. "पान तिले धरून ठेवते."

मग तिनं एका मोठ्या पानावर गोळा ठेवला, ओल्या बोटांनी थापत कडेपर्यंत नेला आणि वर दुसरं पान झाकलं. जाळ बसून निखारे लाल झाले होते. त्यांवर ती पानं ठेवली, वरूनही थोडे निखारे सारले. पानांच्या कडा आक्रसल्या, काळ्या पडल्या, मधूनमधून पेट घेऊ लागल्या. मी घाबरून काठी पुढे केली. तिनं माझं मनगट धरलं.

"जळू दे. पान जळते, भाकर नाई जळत."

ती निखाऱ्यांकडे पाहतही नव्हती, पुढचा गोळा थापत होती. ओल्या पानाची चरचर थांबली आणि वास बदलला. हिरवा, कडवट वास जाऊन भाजल्या ज्वारीचा आला. त्याच क्षणी तिनं हात घालून पानगा उलटला. मी वीस वर्षं घड्याळ लावून पदार्थ शिकवते. तिचं घड्याळ नाकात होतं.

पहिला पानगा तिनं बाबांना दिला. कोळसा झालेलं पान त्यांनी बोटांनी सोललं. आतून पांढरीशुभ्र, वाफाळती भाकर निघाली. राखेचा कण नाही, चीर नाही. आणि तिच्यावर पानाची एकूण एक शीर उमटलेली, मधली जाड, तिच्यातून फुटणाऱ्या बारीक, त्यांच्यातून आणखी बारीक. बाबांनी त्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग तुकडा मोडून खाल्ला आणि मला हळूच म्हणाले, "तुझ्या आईच्या हातचंही असं कधी खाल्लं नाही गं." आईच्या स्वयंपाकाला त्यांनी कुणाच्या खाली बसवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर गाडीतले सगळे खाली आले. कुणी गवऱ्या पुरवल्या, कुणी पानं धुतली, ड्रायव्हरनं डब्यातला कांदा फोडला. मलाही तिनं थापायला बसवलं. माझा पहिला पानगा एका कडेला कच्चा राहिला. तो तिनं स्वतःच्या वाट्याला घेतला. विसाच्या विसांनी पोटभर खाल्लं, आणि धुवायला एक भांडं निघालं नाही.

पाचच्या सुमारास पाणी उतरलं. रपटा ओलांडल्यावर पुढच्या फाट्यावर ती उतरली. पिशवीत दोन मुठी पीठ उरलं असेल. घरी काय करशील, असं मी विचारलं, तर म्हणाली, घरी ज्वारी आहे, उद्या परत दळून आणीन. बाबा खिडकीशी सरकले आणि हात जोडून तसेच बसले. तिनं मान हलवली, पिशवी डोक्यावर ठेवली आणि चिखलातल्या पायवाटेनं वस्तीकडे चालू लागली. कंडक्टरनं बराच वेळ घंटी मारली नाही.