सहा विजेते आणि एक कवळी

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवणाऱ्या या गृहस्थांना घरीदारी सगळे 'तज्ज्ञ' म्हणत. त्यांना ते कौतुक वाटे. हात खरोखर सुबक होता. त्यांच्या कवळीने लोक खुशाल शेंगदाणे फोडत. पण ओळख करून देताना कवळ्यांचा विषय ते टाळत. आपण सायकल शर्यतींचे अभ्यासक आहोत, असं सांगत. स्वतः शेवटची सायकल चालवली ती आठवीत, आणि तीही कुंपणात घातली होती. अभ्यासाला त्याची कधी अडचण झाली नाही.

त्या वर्षीची मोठी शर्यत एकवीस दिवसांची, वीस टप्प्यांची होती. पहिल्याच संध्याकाळी टीव्हीसमोर तज्ज्ञांनी बायको आणि सासऱ्यांना निकाल सांगून टाकला. घाट चढण्यात तरबेज असलेला एक लंबू होता, तोच जिंकणार. बाकीच्यांनी उगाच घाम गाळू नये. सासरे निवृत्त पोस्टमन. चौतीस वर्षं त्यांनी सायकलवरून टपाल वाटलं होतं, त्यामुळे या विषयात त्यांचं मत कोणी विचारत नसे.

चौथ्या दिवशी लंबू ओल्या वळणावर घसरला आणि मागे पडला. त्याच्या तोलाबद्दल आपल्याला आधीपासूनच शंका होती, असं तज्ज्ञ म्हणाले. ही शंका बायकोच्या कानावर कधी आली नव्हती, पण तिने भाजी निवडता निवडता मान हलवली. आता एक बुटका जिंकणार होता. तो नवव्या टप्प्यात ढेपाळला. मग अनुभवाला तोड नाही म्हणून छत्तीस वर्षांचा एक घोडा पुढे आला, आणि दोन दिवसांनी तरुण रक्ताला तोड नाही म्हणून बाविशीतला एक गडी. मधल्या विश्रांतीच्या दिवशी कोणी सायकलला हातही लावला नाही, तरी संध्याकाळपर्यंत विजेता बदलला होता.

"पाच झाले," बायको म्हणाली. "एकूण किती जण आहेत शर्यतीत?"

दीडशेच्या वर आहेत, हे ऐकून तिला धीर आला.

सतराव्या टप्प्याच्या दिवशी तज्ज्ञांनी दवाखान्यातल्या नोंदणीच्या बाईंना घाटातले डावपेच समजावायला घेतले. टेबलावर पेशंटांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे होतेच. वरचे जबडे एका संघाचे, खालचे दुसऱ्या, मेणाचा डबा म्हणजे घाट. साच्यांवरच्या नावांच्या चिठ्ठ्या मध्ये येत होत्या, म्हणून त्या काढून ठेवल्या. प्रकरण इतकं रंगलं की सहावा विजेता तिथेच ठरला. चिठ्ठ्या नंतर अंदाजाने परत लावल्या. अंदाजात त्यांचा हात कोण धरणार?

एकविसाव्या दिवशी दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका नवी कवळी घालून दवाखान्यात हजर झाल्या. तोंड मिटत नव्हतं, त्यामुळे तक्रार त्यांनी लिहून आणली होती, वळणदार अक्षरात, परिच्छेद पाडून. डॉक्टरीणबाईंनी तो कागद तज्ज्ञांपुढे ठेवला.

"हे दात कोणाचे आहेत?"

तज्ज्ञांनी कवळी उलटसुलट करून पाहिली. त्यांचा चेहरा उतरला.

"माहीत नाही," ते म्हणाले. एकवीस दिवसांत हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालं.

शर्यतीचा निकाल त्याच दुपारी लागणार होता. तज्ज्ञ मात्र मेणात एकेक दात बसवत होते आणि मुख्याध्यापिकाबाई समोरच्या बाकावर, पेपर तपासायला बसल्यासारख्या, त्यांच्याकडे बघत होत्या. घड्याळाकडे पाहायची हिंमत झाली नाही. अखेर बाईंनी तोंड मिटून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि "आता बरोबर," म्हणाल्या. तज्ज्ञांना फार बरं वाटलं. शर्यतींच्या अभ्यासकाला एका कवळीपायी असं वाटावं, याचा त्यांना जरा रागही आला.

घरी येऊन त्यांनी सासऱ्यांना निकाल विचारला. सासऱ्यांनी जे नाव सांगितलं, ते सहाजणांत नव्हतं. वीस दिवस तो माणूस मुकाट्याने तिसरा-चौथा येत होता. तज्ज्ञ त्याच्याबद्दल बरं-वाईट काहीच बोललेले नसल्यामुळे आता 'मी म्हटलंच होतं' म्हणायचीही सोय उरली नव्हती. वारा समोरून होता, सासरे सांगत होते. चढावर चाक पंक्चर झालं. दुसरं येईपर्यंत गडी गप उभा राहिला, हात पुसले आणि निघाला.

तज्ज्ञ बराच वेळ ऐकत राहिले. मग लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "बाबा, समोरून वारा आणि वर चढ असला, तर तुम्ही काय करायचात?"

"उतरायचो आणि ढकलत न्यायचो. टपाल पोचल्याशी मतलब, जावईबापू."

डावपेच म्हणून तज्ज्ञांना हे फारच कच्चं वाटलं, आणि तसं त्यांनी सांगितलंही. मग खुर्ची जवळ ओढून, पिशवीत ओझं किती असायचं ते विचारलं.