डाव्या हाताचा सत्तूर

रविवारी सकाळी सातच्या सुमारास आमच्या बाजारातून एक आवाज यायचा. टक-टक-टक, धप. तीन हलके, एक भारी. हा एर्मिलोचा सत्तूर. रात्रभर खड्ड्यात, घायपाताच्या पानांत भाजलेलं बोकडाचं मटण तो ओंडक्यावर तोडत असे, आणि त्या आवाजावर माणसं भांडी घेऊन घराबाहेर पडत. बाजारात मटणाची आणखी चार दुकानं होती. त्यांचेही सत्तूर वाजत. पण डोळे मिटूनही एर्मिलोचा आवाज ओळखू यायचा.

मला लिहायचं आहे ते त्याच्या बायकोविषयी, तोमासाविषयी. खड्डा सारवणं, पानं भाजणं, मटणाला मीठ-मिरची लावणं, रस्सा, मक्याच्या भाकऱ्या हे सगळं ती करायची. सत्तूर तेवढा तिच्या हातात कधी आला नाही. त्यात ती डावखुरी.

"डाव्या हातानं तोडलेलं मटण पोटात उलटं फिरतं," एर्मिलो गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाइकं हसायची. तीही हसायची आणि भाकरी उलटायची.

माझ्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्यात ती तिची धर्ममाता झाली. त्या नात्याने ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोम्पाद्रे. मी नगरपालिकेच्या बाजार खात्यात कारकून. कोणी कुठे बसायचं ते आखून देणं हे माझं काम, आणि माझ्या खिडकीतून तिचं दुकान चाळीस पावलांवर दिसतं. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे.

शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत एर्मिलोचं उजवं अंग गेलं. महिन्याभराने बोलणं परत आलं, पण तुकड्या-तुकड्यांनी. हात आला नाही. डॉक्टरांनी तोमासाला बाहेर बोलावून सांगितलं, की हा हात आता येणार नाही. तिने ते घरात सांगितलं नाही. एर्मिलो मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला जूनचा वायदा देत होता, "सान हुआनच्या सणाला... मी उभा. ओंडक्यापाशी."

तीन रविवार दुकान बंद राहिलं. चौथ्या रविवारी तोमासा स्वतः ओंडक्यापाशी उभी राहिली, एर्मिलोचा सत्तूर घेऊन.

तो सत्तूर उजव्या हाताचा होता. त्याच्या धारेला एकाच अंगाने, उजवीकडून उतार दिलेला. मूठही वीस वर्षांत एर्मिलोच्या तळव्याप्रमाणे झिजलेली. तोमासाच्या डाव्या हातात पातं घाव बसता-बसता बाजूला सरकायचं. हाड वाकडं फुटायचं, त्याच्या कपच्या मटणात जायच्या. उजव्या हाताने करून बघितलं, तर त्यात जोर नव्हता. दुसऱ्या रविवारी तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली दिसली.

"बाई, मी मटण मागितलं होतं," बोकडांचा व्यापारी गाउदेन्सियो तोंडातून कपची काढत म्हणाला. "दात पाडायला मी दवाखान्यात जातो."

"तुला दात आहेत कुठे? तू रस्सा पी."

माणसं हसली. पण पुढच्या रविवारी गाउदेन्सियो पलीकडच्या दुकानात बसलेला होता, आणि तो एकटा नव्हता.

एर्मिलोची खाट खिडकीपाशी होती. घर बाजारापासून एक गल्ली सोडून. तो पडल्या-पडल्या ऐकायचा. दुपारी ती घरी आली की म्हणायचा, "वाकडं तोडतेस, म्हातारे."

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ती माझ्या खिडकीशी आली.

"कोम्पाद्रे, उद्या ओकोत्लानला चला माझ्यासोबत. सत्तूर घ्यायचाय."

"एर्मिलोला सांगितलंत?"

"काय सांगू? तुझा हात मेला, आता माझ्या हाताचा आणते, असं? आधी घडून येऊ दे. मग सांगेन. सांगावं तर लागेलच."

शुक्रवारी ओकोत्लानचा बाजार असतो. तयार सत्तूर आधी बघू, असं मी म्हटलं. तिने तीन दुकानांत दहा-बारा तरी सत्तूर उचलले. ती प्रत्येक पात्यावर नखाने टिचकी मारून कान लावायची, धारेवर नजर टाकायची आणि ठेवून द्यायची. सगळे उजव्या हाताचे. एका दुकानदाराने दोन्ही अंगांनी उतार दिलेला सत्तूर पुढे केला. "हा कुठल्याही हाताला चालतो, बाई."

"कुठल्याही हाताला चालतो तो कुणाचाच नसतो," ती म्हणाली.

शेवटी आम्ही आउसेन्सियो लोहाराकडे गेलो. सत्तरीचा माणूस, भुवया जळून गेलेल्या. डावा सत्तूर हवा म्हटल्यावर त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"माझा नाही, उस्ताद. ह्यांचा."

"हात दाखव, पोरी."

साठीच्या तोमासाने पोरीसारखा हात पुढे केला. आउसेन्सियोने तो उलटा-पालटा केला, मनगट दाबून बघितलं. मग ओल्या मातीचा गोळा तिच्या मुठीत दिला. "आवळ. नवऱ्याच्या मानेला धरलंय असं समज."

"नवरा आजारी आहे, उस्ताद."

"मग हळू आवळ."

ती हसली. बोटांचे ठसे उमटलेला गोळा त्याने फळीवर वाळत ठेवला. मग कामाचं बोलणं सुरू झालं. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं लोखंड, कारण ते हाडावर तुटत नाही. लांबी एक वीत आणि चार बोटं. ती आणखी दोन बोटं मागत होती. तो म्हणाला, "तुझं मनगट नऊ वाजताच थकेल. वजन पुढच्या टोकाला ठेवतो. तू फक्त उचल, पडायचं काम तो करेल." मूठ पेरूच्या लाकडाची. उतार डावीकडून.

"आणि पात्यावर काय लिहू?"

त्याच्या भट्टीतून निघालेलं कोणतंही पातं अक्षरांशिवाय जात नसे. कोणी म्हण घालतं, कोणी देवाचं नाव. एकाने सासूचं नाव घातलं होतं, रोज आपटायला मिळावं म्हणून. तोमासाला हे ठाऊक नव्हतं. ती दारातल्या दगडावर बसली. दुसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेली बाई, तिने कधी काही लिहवून घेतलं नव्हतं. बसची वेळ होत आली तरी ती बसूनच होती. मग उठली.

"लिहा, मी तोमासाचा. मला उसना मागू नका."

आउसेन्सियोने ते माझ्याकडून कागदावर उतरवून घेतलं.

मेच्या मध्याला आम्ही तो आणायला गेलो. आउसेन्सियोने अंगणातल्या ओंडक्यावर बोकडाची तंगडी ठेवली. तोमासाने सत्तूर उचलला, दोनदा हवेत तोलला आणि घाव घातला. हाड सरळ तुटलं. एक कपची नाही. मग ती थांबलीच नाही. टक-धप, टक-धप, टक-धप. एर्मिलोसारखं नव्हे. हा वेगळा आवाज होता, आणि तिलाही तो पहिल्यांदाच ऐकू येत असावा, कारण तंगडी संपली तरी ती ओंडक्याकडे बघत उभी होती.

बसमध्ये तिने तो कापडात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. "उद्या रविवार नाही, ते बरं," ती म्हणाली. "उद्या त्याला सांगते. तुम्ही या, कोम्पाद्रे. तुम्ही असलात तर तो कमी ओरडेल."

शनिवारी चार वाजता मी गेलो. एर्मिलोला उशीला टेकवून बसवलं होतं. तोमासा आतून गुंडाळी घेऊन आली आणि काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "काय... आहे ते?"

तिने ते त्याच्या मांडीवर ठेवलं. तिला वाटलं असावं, आधी बघू दे. त्याने डाव्या हाताने कापड सोडवलं. बराच वेळ लागला, पण आम्ही कोणी मदत केली नाही. मग त्याने अंगठा धारेवरून आडवा फिरवला, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. चाळीस वर्षं सत्तूर धरलेला माणूस, उतार कुठल्या बाजूला आहे ते त्याला बघावं लागलं नाही.

"डावा," तो म्हणाला.

"हो. ऐक, म्हाताऱ्या..."

"डावा आहे." त्याने मूठ धरली. ती लहान होती. त्याची बोटं तळव्यात दुमडली गेली. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या तीन महिन्यांत त्याचे दोन्ही हात काटकुळे झाले होते. "लोहाराला... कसं कळलं? हात बारीक झालाय ते?"

तोमासाने त्याच्या मांडीवरून गळलेलं कापड उचललं.

"सगळे म्हणतात, पडून राहा. तू... डाव्या हाताचा आणलास." त्याचं तोंड एका बाजूने वाकडं होई, त्यामुळे तो हसतोय की रडतोय ते मला नीट कळेना. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "सान हुआनला नाही जमलं... तर नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या दिवशी. शिकेन मी."

मी तोमासाकडे पाहिलं. ती अंगठ्याची चिंधी घट्ट करत होती.

एर्मिलोने पातं उजेडाकडे वळवलं. त्याला अक्षर येत नव्हतं. "काय लिहिलंय? कोम्पाद्रे, तुम्ही वाचा."

पस्तीस वर्षं मी लोकांना कागद वाचून दाखवत आलो. आहे तेच वाचायचं, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही. मी पातं हातात घेतलं. तोंड उघडलं.

"मी सांगते," तोमासा म्हणाली. "मी एर्मिलोचा. मला उसना मागू नका."

"होय?" त्याने मला विचारलं.

"होय," मी म्हटलं.

तो खूश झाला. त्याने सत्तूर परत मागून घेतला, छातीवर ठेवला. "मग ह्याला... कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही, म्हातारे. डाव्याची धार... दुसऱ्याच्या हातात बिघडते."

"नाही लावत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सातला माझ्या कानावर आवाज आला. टक, टक, मग खंड, मग काहीतरी घसरल्यासारखं. ती जुन्याच सत्तुराने तोडत होती.

एर्मिलो साडेपाच वर्षं जगला. खाटेवरून तो उठला नाही. दर शनिवारी तोमासा त्याला चरबीची वाटी आणि फडकं द्यायची आणि तो डाव्या हाताने पातं पुसायचा. ते गंजलं नाही. तेवढंच. दुकान चाललं, पण अर्ध्यावर. म्हातारी माणसं जुन्या ओळखीने येत आणि मटण हळू चावत. मी तिला एकदा म्हटलं, खरं सांगून टाका. ती म्हणाली, "तुम्ही सांगा. तुम्हीच तर होय म्हणालात." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात तो गेला. सत्तूर माझ्यासोबत ठेवा, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. पेटी झाकण्याआधी तोमासाने तो आणला आणि त्याच्या डाव्या पंजाखाली ठेवला, अक्षरांची बाजू खाली करून. गाउदेन्सियो शेजारीच उभा होता.

"काय लिहिलंय गं त्यावर?"

"त्याचं नाव," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिला सुचवलं की आता ओकोत्लानला जाऊ. आउसेन्सियो अजून काम करतो, तो मातीचा गोळाही त्याच्या फळीवर असेल.

"तो गोळा आता कुणाचा, कोम्पाद्रे," ती म्हणाली आणि डावा हात ओंडक्यावर पालथा ठेवला. मग उलटा केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळून तसंच राहिलं होतं, सरळ होत नव्हतं. तळव्यावर एक आडवा घट्टा पडला होता. तिने शेजारी पडलेला एर्मिलोचा सत्तूर उचलून त्या हातात ठेवला. मूठ घट्ट्यात बरोबर बसली.

"आता मला हीच मूठ बसते," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला विचारलं, "खांद्याचं देऊ की बरगडीचं?"