प्लेटला तीनशे व्होल्ट

आमच्याकडं कुणीही पाहुणं आलं की चहा उकळेस्तोवर एक फर्माईश ठरलेली. "ते आप्पांच्या ॲम्प्लिफायरचं सांग की!" आता नेमकं कुठलं सांगू? एक सांगायला घ्यावं तर त्याच्या जोडीला दुसरं आठवतं, आणि ते संपायच्या आत आमचे हे आतल्या खोलीतून तिसरं ओरडतात. चहा हमखास गार होतो!

आप्पा म्हणजे माझे सासरे. रेल्वेत गार्ड होते, दौंडलाच रिटायर झाले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळानं नवा साउंड घेतला आणि जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मोडीत काढला. आप्पांनी तो उचलून सरळ घरी आणला.

"सगळी गल्ली ह्याच्यावर भजन ऐकत मोठी झालीय. भंगारात जाऊ द्यायचा न्हाई. आपण शिकू आन् चालू करू!"

शिकणार कोण? एक आप्पा. दुसरे शेजारचे कांबळे सर, हायस्कूलला ड्रॉइंग शिकवायचे. तिसरे भांडगावचे बबनभाऊ. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती. ते स्वतः शेती सांभाळून फॅक्टरीत फिटर होते. आणि चौथी मी, कारण ॲम्प्लिफायरचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात बी.कॉम. सून होती! विजेतलं काय कळतं म्हणाल तर चौघांनाही फक्त बटण दाबता येत होतं. दर रविवारी सकाळी आमच्या पडवीत वर्ग भरायचा.

*

मी मोठ्यानं वाचायचे, बाकीचे ऐकायचे. व्हॉल्व्हच्या काचेत एक पत्रा असतो, त्याला पुस्तकात 'प्लेट' म्हटलेलं. पहिल्याच रविवारी मी वाचलं, "प्लेटला तीनशे व्होल्ट द्यावेत."

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, तेवढ्यात पोहे घेऊन दारात आल्या होत्या. त्या तशाच माघारी फिरल्या. थोड्या वेळानं पोहे आले ते पेपरच्या कागदावर!

"आत्या, प्लेटा कुठं गेल्या?"

"कपाटात. कुलूप घातलंय. करंट द्यायचा आसंल तर ह्यांच्या ताटाला द्या!"

*

मग सर्किटचा नकाशा वाचायचा आला. त्यात एका रेघेखाली तीन छोट्या रेघा, एकीपेक्षा एक आखूड, असं चिन्ह जागोजागी होतं. मी पुस्तकात शोधून सांगितलं, "हे ग्राउंड. म्हणजे जमीन."

बबनभाऊंनी बोट फिरवत नकाशा बघितला. "हितं जमीन. हितं बी जमीन. ह्या कोपऱ्यात जमीन, त्या व्हॉल्व्हच्या खाली जमीन..." मग गंभीर होऊन माझ्याकडं वळले. "वहिनी, एवढी जमीन हाय, तर सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

ही सगळी एकच जमीन असते, सगळी टोकं खालच्या पत्र्याच्या पेटीला जोडायची असतात, हे कळायला आम्हाला दोन रविवार लागले. कळल्यावर बबनभाऊ म्हणाले, "म्हंजी सामाईक क्षेत्र. मंग भांडणं होणार!"

आणि झालीच. आमचा ॲम्प्लिफायर पुढं कित्येक आठवडे नुसता घुमत होता, तो त्या जमिनीवरूनच!

*

नकाशात तारा एकमेकींवरून जातात. कुठं जोडलेल्या, कुठं नुसत्याच ओलांडलेल्या. माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. आप्पांना मात्र एका झटक्यात समजलं. सगळं आयुष्य दौंड जंक्शनात गेलेलं!

"सोपं हाय. टिंब असलं म्हंजी जंक्शन, गाडी इकडनं तिकडं जाणार. टिंब नसलं म्हंजी ओव्हरब्रिज. वरची वर, खालची खाली."

त्या दिवसापासून आप्पा नकाशा वाचायचे तो असा: "ही निघाली ट्रान्सफॉर्मरवरनं, हितं जंक्शन, हितनं एक फाटा कंडेन्सरला..." ऐकताना डबा घेऊन बसावंसं वाटायचं.

एका रविवारी मात्र अशाच एका जंक्शनवर तार जोडली, पीन लावली, आणि फट्! फ्यूज गेला. दुसरा घातला. फट्! तिसरा. फट्! शेवटी सरांनी नकाशाची आमची झेरॉक्स आणि मूळ पुस्तक शेजारी शेजारी ठेवलं. पुस्तकात तिथं टिंबच नव्हतं. झेरॉक्सवाल्याच्या काचेवर माशी बसून गेली होती!

आप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं, रेल्वे बोर्डाला वर्षं लागत्यात, आन् माशीनं बसल्या जागी जंक्शन काढलं!"

*

झेरॉक्सवरचा विश्वास उडाल्यावर कांबळे सरांनी सगळा नकाशा ड्रॉइंग पेपरवर स्वतः काढून दिला. काळ्या शाईत, एकेक रेघ अशी की फ्रेम करून लावावी. आम्ही तो बघून महिनाभर जोडणी केली. पण स्पीकर मुका तो मुकाच.

पुन्हा मूळ पुस्तक काढलं. ताडून बघता बघता माझ्या लक्षात आलं, एक रेझिस्टर पुस्तकात उजवीकडं होता आणि आमच्याकडं डावीकडं.

"सर, हा इकडं कसा आला?"

सर जरा अवघडले. चष्मा काढून पुसला. "अहो, डावीकडं फार मोकळं वाटत होतं."

*

एक व्हॉल्व्ह जळालेला होता. माझं माहेर शिरूरचं. म्हटलं, जातेच आहे तर तिथल्या बाजारात बघते. पहिल्या दुकानात विचारलं, "व्हॉल्व्ह आहे का?"

"हाय की. अर्धा इंची का पाऊण?"

पुढच्या दुकानात शहाणपणा करून म्हटलं, "ट्यूब पाहिजे." त्यानं समोरच्या सायकलवाल्याकडं बोट दाखवलं. तिसऱ्या ठिकाणी मी पुस्तकातलं अख्खं नाव घेतलं, "व्हॅक्यूम ट्यूब!" दुकानदारानं आवाज एकदम हळू केला. "ताई, पेशंट घरी हाय का दवाखान्यात?"

व्हॉल्व्ह शेवटी एका बंद पडलेल्या टॉकीजच्या जुन्या ऑपरेटरकडं मिळाला. मोज्यात घालून, स्वेटरमध्ये गुंडाळून मी तो एस.टी.नं मांडीवर आणला. शेजारची बाई दौंडपर्यंत माझ्यासाठी सरकून बसली होती. उतरताना म्हणाली, "कितव्या दिवशी घरी सोडलं बाळाला?"

*

एक किस्सा हसण्यावारी न्यायला आम्हाला वेळ लागला. बबनभाऊंनी पीन काढली, "बंद केलंय" म्हणाले आणि आत हात घातला. वीज बंद केली तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये ती साठून राहते, हे आम्ही वाचलंच नव्हतं. ते पान पुढं होतं! बबनभाऊ मागं फेकले गेले ते थेट बाजेवर. पांढरेफटक. आत्या पाणी घेऊन धावल्या. आप्पांनी पेटीवर पोतं टाकलं. "बास. वर्ग बंद. माणसापेक्षा काय भजन मोठं हाय का?"

पुढचा रविवार सुनासुना गेला. त्याच्या पुढच्या रविवारी बबनभाऊ हजर, बरोबर त्यांच्या मंडळी हिराबाई! मधल्या काळात मी ते पान शोधलं होतं: आधी कंडेन्सर रिकामा करावा, आणि आत काम करताना एक हात खिशात ठेवावा, म्हणजे झटका छातीतून जात नाही. मी निरोप धाडला होता. पण बबनभाऊंच्या लेंग्याला खिसा नव्हता. हिराबाईंनी त्यांच्या बनियनलाच लाल कापडाचा खिसा शिवून आणला होता.

"हात ह्याच्यात घालून शिकवा, पर शिकवा," त्या आप्पांना म्हणाल्या. "एक रविवार घरी बसलं, तर माजं सगळं डबं खोलून बघितलं!"

*

सगळं जुळलं त्या सकाळी आप्पांनी आत्यांच्या हातात माइक दिला. पहिला मान त्यांचा. आत्या बोलल्या, "हॅलो." काहीच नाही. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं!

"बंदच हाय व्हय? मला वाटलंच. वर्षभर नुसता पसारा. रिटायर झाल्यापास्नं ह्या माणसानं..." आणि इथून पुढं आवाज हळूहळू मोठा होत गेला, "...एकदा तरी भाजी आणलीया का? आणली तर किडकी वांगी!"

भोंगा खिडकीत, तोंड गल्लीकडं. पलीकडच्या आळीतून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आवाज एकदम क्लिअर!"

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. हसून आलं का कशानं, मी विचारलं नाही.

*

बबनभाऊंच्या मुलीचं, मंगलचं, लग्न भांडगावला होतं. गोरज मुहूर्त. ॲम्प्लिफायर अर्थातच आमचा. माइकची तार लांबच लांब, मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलेली.

मुहूर्त जवळ आला आणि नवऱ्याचा मामा रुसला. वऱ्हाड उतरलं तेव्हा आधी धाकट्या मामाला टॉवेल-टोपी दिली म्हणे! मामा जाऊन टेम्पोत बसला. "आमाला मान न्हाई तर लगीन न्हाई. गाडी काढा!" नवऱ्याचे वडील मामाच्या शब्दाबाहेर नव्हते. बबनभाऊ पाया पडले. आप्पांनी हात जोडले. हिराबाई मंगलला धरून आतल्या खोलीत बसलेल्या, मुलगी मुंडावळ्या बांधून रडत होती. मामा मान वळवून बाहेर बघत होता. टेम्पोच्या ड्रायव्हरनं खरोखरच किल्ली फिरवली.

शेवटी बबनभाऊ माइकजवळ गेले. सगळ्यांच्या देखत माफी मागायची ठरवून. तोंड उघडलं.

आणि भोंग्यातून आवाज आला. बबनभाऊंचा नव्हे. शांत, भारदस्त, पुणेरी.

"...जनावराने वैरण सोडली असेल तर त्याच्या मागे लागू नये. त्याला सावलीत मोकळे बांधावे. भूक लागली की ते आपणहून दावणीला येते."

बबनभाऊ माइककडं बघत राहिले, आम्ही तिघं ॲम्प्लिफायरकडं. मागं बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग ते हसू आवरेनाच, मांडवभर पसरत गेलं. टेम्पोचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता.

मामा खाली उतरला. फेटा नीट केला. भोंग्याखाली उभा राहून त्यानं दरडावून विचारलं, "कोण बोललं त्ये?"

आप्पा म्हणाले, "मामा, रेडिओचं पुणे केंद्र. माइकच्या लांब तारेनं शेतीचा कार्यक्रम धरला."

मामानं भोंग्याकडं बघितलं. आप्पांकडं बघितलं. मग सगळ्या मांडवाकडं.

"आसं व्हय," मामा म्हणाला. "मंग अक्षता कुठं हायत?"