हात न लावलेलं खातं

तीर्थपुरी सोडली त्या दिवशी माझ्या ओच्यात पासबुक होतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून खोचलेलं. पोरगा जीपवर बोचकी बांधून राह्यला होता आणि मी जाऊबाईला सांगत होते, "रडू नको गं. मी काय कुणाच्या जिवावर चालले का जालन्याला? माझं बँकेत खातं हाय!" जाऊ बिचारी डोळे पुसायचं थांबून माझ्याकडं बघतच राह्यली. तिचं खातं नव्हतं.

चार वर्षं झाली. तेव्हाची ती बाई आज समोर आली तर तिच्या पाठीत एक धपाटा घालीन.

जावांनो, पोरींनो, तुम्ही गावात असा नाहीतर माझ्यासारख्या शहरात येऊन पडलेल्या असा, हे वाचा. मला राग आलाय आणि तो एकटीनं गिळायचा नाही.

गावात मला कुणाकडं काही मागावं लागत नव्हतं. चार अंडी विकली, शेरभर तूप विकलं, माझं भागायचं. इथं तिसऱ्या मजल्यावर कोंबडी कुठं पाळू? मामा चौकापर्यंत रिक्षानं जायचं तरी पोरापुढं हात. तो देतो, नाही म्हणत नाही. पण विचारतो, "कुठं चालली आई? कशाला? कवा येणार?" वीस रुपयांत तीन सवाल.

म्हणून ठरवलं, घरघंटी घ्यायची. गॅलरीत ठेवायची, कॉलनीतल्या बायकांचं दळण दळायचं. दुकानदार म्हणाला, "मावशी, क्रेडिट कार्ड असलं तर हप्त्यानं देतो." पोरगा म्हणाला, "माझं हाय की कार्ड." मी म्हणाले, "तुझं तुझ्यापाशी ठेव. माझं खातं तुझ्या पहिलीतल्या पाटीएवढं जुनं हाय. मला बँक आपणहून देईल."

आणि गेले की ताठ मानेनं. खुर्चीवरची पोरगी माझ्या नातीच्या वयाची. पासबुक उघडलं आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, खातं आहे म्हणून कार्ड मिळतंच असं नसतं. खातं असलं की ओळख पटते, कागदं कमी लागतात, एवढंच. त्यात पैसे येतात-जातात का, ते बघतात. तुमचं तर निष्क्रिय झालंय."

"म्हंजे?"

"एकदा पैसे भरले, नंतर व्यवहारच नाही."

"हात लावला न्हाई म्हणून शिक्षा का?"

खरंच सांगते, मला तो माझा मोठेपणा वाटत होता. म्हशीची एक वगार विकून पैसे भरले आणि पासबुक ट्रंकेत ठेवलं, लग्नातल्या शालूसारखं. वर्षातून एकदा काढायचं, बघायचं, परत ठेवायचं. काय येडी बाई होते!

"आधी कधी कर्ज घेतलंय?" पोरीनं विचारलं.

"बिलकुल न्हाई. कुणाचा एक रुपया न्हाई माझ्याकडं."

"तेच तर आजी. घेऊन वेळेवर फेडलेलं दिसलं की भरवसा बसतो. उत्पन्न काय तुमचं?"

"चार एकर कापूस. बटईनं दिलाय. निम्मा वाटा आपला."

"पैसे कुणाच्या खात्यावर येतात?"

इथं मी पासबुक मिटून ओच्यात घातलं. आधी मालकांच्या खात्यावर यायचे, आता पोराच्या. कापूस मी वेचला, चाळीस दिवाळ्या. बोटं फाटली माझी. मालक गेल्यावर वारसात माझं नाव लागणार होतं, तर मीच हसत हक्कसोडाच्या कागदावर सही केली. "मला मेलीला काय करायचं घराचं न जमिनीचं?" असं म्हणाले होते, सगळ्यांसमोर, लाडात येऊन. माझे वडील म्हणायचे, "पोरी, अंगठा नको, सही शीक." शिकले आणि कुठं वापरली? पोराच्या प्रगतिपुस्तकावर, खातं उघडताना एकदा आणि त्या कागदावर.

मंग बँकेतल्या पोरीवर ओरडून काय उपयोग? तिनं तेवढ्यात एक वाट दाखवली. मुदत ठेव ठेवा, तिच्यावर कार्ड मिळेल. म्हणजे पैसा माझा, तो आधी त्यांच्या ताब्यात द्यायचा, मंग त्यांचा माझ्यावर भरवसा. वा रे वा!

घरी आले ती चप्पल न काढताच बोलले. "यंदाच्या कापसाचा पैसा माझ्या खात्यात टाक."

पोरगा हसला. "आई, त्यात तुझं-माझं काय?"

"काहीच न्हाई ना? मंग टाक माझ्या खात्यात."

हसू थांबलं त्याचं. आठ दिवस मी जेवायला बसले की तो ताटावरून उठून जायचा. सून तेवढी भाकरी वाढताना माझ्या ताटात तुपाची धार जरा जास्त सोडायची. नवव्या दिवशी त्यानं निम्मे टाकले, उपकार केल्यासारखे. निम्मे! मी तेही सोडले नाहीत. खातं चालू करून घेतलं, ठेव ठेवली, कार्ड आलं. रोखीनं घंटी घेता आली असती, पण मी हट्टानं हप्त्यानंच घेतली. मी फेडते हे बँकेच्या कागदावर एकदा दिसू दे. कापूस वेचलेला कुठंच दिसला नाही.

आता तुम्ही फोनवर विचारता, घर आठवतं का? कोणतं घर? तीर्थपुरीतलं पोराचं आहे, माझ्याच सहीनं. हेही त्याचंच. माझं म्हणावं असं गॅलरीत दोन फूट आहे, जिथं घंटी ठेवलीय. पण बायका डबे घेऊन येतात आणि "गयाबाई हायेत का?" असं विचारतात. गावात चाळीस वर्षं मला या नावानं कुणी हाक मारली नव्हती. बाकी राहिलं ते सातबाऱ्याचं. त्यावरही बोलणार आहे, घाई नाही.

ज्वारीचं दळण किलोवर आहे. सुनेकडून घेत नाही. पोराकडून बराबर घेते, आणि सुट्टे नसले तर डबा देत नाही.