पहिलाच गुन्हा

माझा डावा हात पिरगाळून मोडणारा माणूस आमच्याच भावकीतला, नात्यानं माझा चुलत दीर. टाकव्यात आमच्या शेताकडे जाणारी वाट त्यानं बंगल्यांच्या प्लॉटिंगसाठी तार ओढून बंद केली होती. मी तार बाजूला सारली, एवढाच माझा अपराध. शेजारच्या मावशीनं बांबूच्या कामट्या लावून माझा हात बांधला आणि दवाखान्यात नेताना बजावलं, "पोरी, आता मिटवू नगंस. तू माघार घेतलीस की ह्यो मोकळा."

मी केस केली. मग तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सगळी भावकी माझ्याभोवती गोळा झाली. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. "पावण्यांना कळलं तर पोरगी घरात बसंल, वैनी," म्हणत तो माझ्या पाया पडला. त्याआधी त्यानं डेअरीवाल्याचं डोकं फोडलं, तेव्हाही गावानं असंच मिटवलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी तडजोडीवर सही केली, कारण सगळे मला मोठ्या मनाची म्हणत होते आणि ते ऐकायला मला गोड वाटत होतं. लग्नात मला मानाची साडी मिळाली. मी ती नेसलेसुद्धा.

दोन वर्षांनी त्याच वाटेनं शेळ्या घेऊन निघालेल्या मावशीला त्यानं ढकलून दिलं. तिचा खुबा मोडला. तेव्हापासून ती खाटेवर आहे. तिचं एकच मागणं होतं, तो आत गेला पाहिजे. तिला उठवत नव्हतं, म्हणून प्रत्येक तारखेला मी गेले.

गुन्हा शाबित झाला. शिक्षा ठरायची होती, तेवढ्यात मी सरकारी वकिलांना गाठलं.

"साहेब, हा त्याचा पहिला गुन्हा नाही. माझा हात त्यानंच मोडलाय."

"त्या केसचं काय झालं?"

"मिटवली."

"मिटवली म्हणजे कायद्यानं त्यात तो निर्दोष सुटला, बाई. कागदावर हा पहिलाच."

त्याच्या वकिलानंही तेच सांगितलं. पहिलाच गुन्हा, घरी लहान मुलं, सुधारायची एक संधी द्यावी. कोर्टानं चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला आणि त्याला सोडून दिलं. बाहेर येऊन तो मला म्हणतो, "वैनी, गाडी हाय, सोडू का घरी?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याला शिवी हासडायलाही मला तोंड उरलं नव्हतं. मी एसटीनं आले.

मावशी दाराकडे डोळे लावून पडली होती.

"किती वर्सं झाली त्येला?"

"सोडलं, मावशी. पहिलाच गुन्हा म्हणून."

तिनं माझा डावा हात ओढून घेतला आणि मनगटाचं हाड जिथं वाकडं जुळलंय, तिथं अंगठा दाबला.

"पयलाच? मंग ह्यो कुणी मोडला व्हता?"