बुवा आणि शेजारची गिरणी

विजेचा दाब वाढवून मिळावा म्हणून अर्ज करणारी माणसं नगर जिल्ह्यात गावोगाव होती. तो वाढू नये म्हणून भर सभेत उभा राहिलेला माणूस एकच, आणि ते माझे मामेसासरे. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. साखर कारखान्यांच्या सभा आणि कापसाचे भाव यांच्यापायी श्रीरामपूरला एसटीने वरचेवर जावं लागे, आणि मुक्काम त्यांच्याकडे असे. त्यामुळे इथे लिहितो आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही ते मामींनी सांगितलं, आणि नवऱ्याच्या बाजूने अतिशयोक्ती करण्याचा मामींचा लौकिक नव्हता.

मामेसासऱ्यांचं लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक आणि रेकॉर्ड वाजवायची विजेवरची पेटी, एवढ्या सामानावर गावातली लग्नं, पूजा आणि निवडणुका पार पडत. एका निवडणुकीत त्यांनी दोन्ही उमेदवारांना एकेक भोंगा दिला आणि प्रचार संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. मिशनच्या दवाखान्यातला अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत निघाला तेव्हा जुन्या वायरी घेऊन जा म्हणून त्यांना बोलावणं आलं. वायरींच्या खोक्यात तळाशी एक मोठी रेकॉर्ड निघाली. पाकिटावर सुटातला एक स्थूल, काळा माणूस, डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम, गिटार पोटाशी धरलेली. कुठल्याशा सभागृहात लोकांसमोर वाजवताना ती रेकॉर्ड भरली होती. वाजवणाऱ्याबरोबर ऐकणारेही तीत आले होते, त्यांच्या आरोळ्या आणि टाळ्यांसकट. या वाजवण्याला ब्लूज म्हणतात आणि त्यात या माणसाचा शब्द शेवटचा मानतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मामेसासऱ्यांना पहिल्या दिवशी कळलं. ऐकून झाल्यावर ते मामींना म्हणाले, "पोट दुखल्यागत तोंड करतोय, पर खोटं एक बोट टाकीत न्हाई." त्या दिवसापासून तो माणूस आमच्या घरात बुवा झाला.

दर गुरुवारी दिवेलागणीला दुकानाच्या अर्ध्या फळ्या लावून बैठक भरे. "रेकॉर्ड ऐकायला या" असं निमंत्रण त्यांनी कुणाला दिलं नाही. "गुरुवारी बुवा हायेत," एवढंच सांगत. आणि बुवा आहेत म्हटल्यावर जे नियम पाळावे लागतात ते सगळे पाळावे लागत. उशिरा आलेल्याने गाणं संपेपर्यंत पायरीवर थांबायचं. बुवांकडे, म्हणजे टेबलावरच्या पेटीकडे, पाठ करून बसायचं नाही. सुई मध्येच उचलायची नाही, मग दाराशी फौजदार आलेला असो. तिकडचे लोक टाळ्या वाजवतील तेव्हा आपणही वाजवायच्या, कारण "त्यांनी तिकडं हात दुखवायचे आन् आपन मांडीवर ठिवून बसायचं, शोभतं का?" तिकडचे लोक एव्हाना शेजारपाजारचे झाले होते. गिटार वर चढायला लागली की आरोळी ठोकणारी एक बाई होती. तिला बुवांची खरी समज आहे असं सर्वांचं मत होतं. तिसऱ्या गाण्यात एक माणूस खोकत असे. एका गुरुवारी मामेसासरे मनापासून म्हणाले, "ह्याचा खोकला काय बरा हुईना."

बुवांची तऱ्हा अशी की ते एक ओळ म्हणत आणि तोंड मिटत. मग गिटार तीच गोष्ट पुन्हा सांगे, जरा जास्त खरी. ओळी समजावून द्यायला मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर होते. ते रविवारी चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवत आणि गुरुवारी आमच्याकडे भाषांतर करत.

"काय म्हनले बुवा?"

"त्यांची बायको सोडून गेली."

पुढचं गाणं लागे. "आता?"

"सकाळी उठले तर बायको घरात नव्हती."

"आन् ह्यात?"

"ह्यात ती आगगाडीने गेली."

मामेसासरे मान हलवत. "एवढा वाजवनारा मानूस, आन् घरात एक टिकंना."

आतून मामींचा आवाज येई. "दर गुरुवारी पेटीफुडं बसत असत्याल. कोन टिकंल?"

गल्लीतल्याच एका मुलीच्या लग्नात मामेसासऱ्यांनी नवरीच्या पाठवणीला सनई थांबवून बुवांना भोंग्यावर घातलं. वराकडची मंडळी धावत आली. हे काय चालवलंय म्हणून विचारू लागली. मामेसासरे भोंग्याच्या खांबाला टेकून उभे होते. "बाई घर सोडून चालली, हेच म्हनतोय तो. तुमच्या सनईला कुठं म्हनता येतंय?" तोवर नवरीकडच्या बायका रडायला लागल्या होत्या. नवरीचा दांडगा भाऊ मांडवाच्या कनातीत तोंड खुपसून रडला. नवरीच्या आईने गाणं पुन्हा लावायला सांगितलं, आणि वरात तेवढा वेळ थांबली.

आता विजेचं. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की गल्लीतले दिवे पिकल्या लिंबासारखे दिसत. दाब उतरला की पेटीची मोटार मंदावे, रेकॉर्ड हळू फिरे, आणि बुवांचा आवाज खाली, छातीत, जाऊन बसे. मामींचा पुण्याचा भाचा एकदा आला होता. दोन गाणी ऐकून तो म्हणाला, "काका, रेकॉर्ड हळू फिरतेय. हा माणूस खरा असा वाजवत नाही."

"मला व्होल्टेज शिकवतो का रं? सारं आयुष्य त्यातच गेलं माझं."

"मग तुम्हाला माहीत आहे तर..."

"तिकडं त्याला फुल दाब मिळतो, तिकडं तो तसा वाजवतो. हितं आला की हितल्या विजेवर वाजवतो. त्यालाच तर मैफल म्हनत्यात. रोज येकसारखं वाजवायला तो काय घड्याळ हाय?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी तटस्थ राहिलो. तो माझा व्यवसाय होता.

दुकानाला लागून पिठाची गिरणी होती. गिरणीवाले चाचा उंचेपुरे गृहस्थ, भुवयांवर कायम पीठ. ते मगरीबच्या नमाजला गिरणी बंद ठेवत आणि मशिदीतून आले की सुरू करत. इकडे बैठक दिवेलागणीला बसे. दिवेलागण आणि मगरीब दोन्ही सूर्यावर चालतात, त्यामुळे उन्हाळा असो की हिवाळा, रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात, बुवा एक तार ओढून वर नेत असतानाच, भिंतीपलीकडे गिरणीची मोटार चालू होई. दिवे एकदम लाल होत. वर चाललेला सूर जड होऊन खाली येई, अगदी तळाला टेके, आणि मग कण्हत कण्हत पुन्हा उठे. त्या जागेची सगळेजण आठवडाभर वाट पाहत. मास्तर चष्मा काढून ठेवत. मामीसुद्धा दाराशी येऊन उभ्या राहत. तिथे तिकडच्या लोकांची टाळी यायला अजून अवकाश असे, पण आमची पडे. रेकॉर्डमध्ये हे नाही, हे त्या दुकानात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. त्याने त्यांच्या मते काही बिघडत नव्हतं.

बिघडत होतं ते चाचांचं. कमी दाबावर त्यांची मोटार तापून जळे, ती नव्या तारेने भरून येईपर्यंत बायका दळणाचे डबे घेऊन माघारी जात. अखेर गल्लीने नव्या ट्रान्सफॉर्मरसाठी अर्ज केला. सर्वांनी सह्या केल्या, मास्तरांनीही. मामेसासऱ्यांनी केली नाही. वीज मंडळाचे साहेब आले, शाळेत सभा भरली, मी वहीपेन्सिल घेऊन मागे बसलो. कुणाची काही हरकत आहे का, असं साहेबांनी रीत म्हणून विचारलं. मामेसासरे उठले.

"माझी हाय."

"आपल्याला वीज नको?"

"पायजे की. हाय तेवढी पुरं."

"दाब वाढल्याने आपलं नुकसान काय होणार?"

"आमच्याकडं गुरुवारी एक बुवा येत्यात. दाब वाढला तर ते यायचे न्हाईत."

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. "हे धार्मिक कारण आहे का?"

"आमच्यापुरतं हाय."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, बुवाला कंदिलावर बसवा." मामेसासऱ्यांनी मान वळवून पाहिलं. तो नवरीचा भाऊ होता. "बहिनीच्या पाठवनीला ह्याच बुवावर कनातीत तोंड घालून रडला हुतास. आज हसतोस व्हय?" तो बसला. मग बराच वेळ मामेसासरे बोलले. बुवा कसे वाजवतात, कुठे थांबतात, ती बाई कुठे ओरडते, आणि श्रीरामपुरात त्यांचा सूर जसा खाली येतो तसा अमेरिकेतसुद्धा येत नाही, कारण तिथे दाब पुरा असतो. लोक टिंगल करत होते, मामेसासरे थांबत नव्हते. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

तेव्हा चाचा उठले. ते सभेत बोलणाऱ्यांपैकी नव्हते.

"दादा, माझी मोटार यंदा दोनदा जळाली. तुमी म्हनलात तर मी सही मागं घेतो. पर मोटारीचं काय करू तेवढं सांगा."

सभेत कुणी हसलं नाही. मामेसासरे साहेबांकडे वळले.

"चाचांच्या मोटारीला माझा इरोध न्हाई. ट्रान्सफॉर्मर बसवा. पर माझी हरकत लिवून घ्या."

"बसवायचाच आहे तर हरकत कशाला?"

"अडवायला न्हाई. समदं गाव खूश हुतं असं उद्या कुनी म्हनू ने. एक मानूस न्हवता."

हे वाक्य मी बातमीत दिलं होतं. संपादकांनी ते कापलं आणि 'ग्रामस्थांत समाधानाचे वातावरण' एवढं ठेवलं. म्हणून ते आज इथे देतो आहे.

ट्रान्सफॉर्मर बसल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी तिथे होतो. दुकानातले दिवे इतके पांढरे होते की भिंतीवरचे पोपडे पहिल्यांदाच दिसले. बुवा लागले. ते तरुण झाले होते आणि घाईत होते, त्यांच्याच गाण्यातली गाडी पकडायची असावी तसे. मास्तर म्हणाले, "शब्द आता स्पष्ट कळतात." मागच्या बाजूचं दुसरं गाणं आलं. तार वर जायला लागली, भिंतीपलीकडे गिरणी सुरू झाल्याचं ऐकू आलं, आणि बुवा त्या जागेवरून सरळ निघून गेले. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. मामेसासऱ्यांनी पुढे होऊन सुई उचलली. त्यांचा नियम त्यांनीच मोडला. मामी आतून बाहेर आल्या आणि पेटीवर फडकं टाकून गेल्या.

नंतरचे बरेच गुरुवार बुवा नव्हते. कुणी विचारलं तर मामेसासरे सांगत, "दौऱ्यावर हायेत." आवाज चढवून, समोरच्याला पुढे विचारायची सोय न ठेवता. मग एका गुरुवारी नमाजनंतर चाचा गिरणी न उघडता दुकानात आले. टोपीवरचं पीठ झटकून बाकावर बसले.

"माझी गिरनी चालू ऱ्हावो का बंद, आता तुमच्या बुवाला फरक न्हाई. मग म्या बी ऐकावं म्हनलं. इतकी वर्सं हे वाजताना मी पलीकडं."

खरी गोष्ट होती. गल्लीत ती जागा एकट्या चाचांनी कधी ऐकली नव्हती. ते ऐकायला आले असते तर ती आलीच नसती.

मामेसासऱ्यांनी फडकं काढलं आणि मागची बाजू लावली. पहिलं गाणं गेलं. चाचा बुवांकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून, नियमात बसले होते. दुसरं सुरू झालं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ते माझं ठिकान कुठं येतं?"

मामेसासरे "सांगतो," म्हणाले. उठून पेटीजवळ गेले. तार वर जायला लागली, आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा फिरत्या रेकॉर्डच्या कडेला अलगद टेकवला. सूर जड झाला, खाली आला, तळाला टेकला. त्यांनी अंगठा सावकाश, अगदी सावकाश सैल केला. बुवा कण्हत कण्हत उठले. मास्तरांनी चष्मा काढला होता. आमची टाळी पडली.

चाचा म्हणाले, "एवढं मी करीत हुतो?"

"दर गुरुवारी."

"आन् मला वाटायचं, बाजरी दळतोय."

तिथून पुढे बैठक पुन्हा नियमाने भरली. वीज पूर्ण होती आणि बुवांचा दाब मामेसासऱ्यांच्या अंगठ्यात होता. मामींशी भांडण झालेलं असलं की ती जागा आखूड येई. कुणी गेल्याची बातमी आली की लांबे. पुण्याचा भाचा म्हणाला, ही तर सरळ लबाडी आहे. "बुवाला हितं यायचं हाय ना," मामेसासरे म्हणाले, "मग हितल्या हातानं यावं लागंल." अखेरपर्यंत त्यांनी यात माघार घेतली नाही.

ती रेकॉर्ड आता आमच्याकडे नगरला आहे. सगळ्या कडेला अंगठा लागून लागून चकाकी आली आहे. आमचा प्लेयर चांगला आहे, वीजही पूर्ण असते, आणि मी कधीतरी संध्याकाळी ती लावतो, जशी आहे तशी, हात न लावता ऐकायची म्हणून. मागच्या बाजूचं दुसरं गाणं सुरू झालं की बायको मेथी निवडायची थांबते. तार वर जायला लागते. ती उठते, पदराला हात पुसते आणि माझ्याकडे न बघता अंगठा कडेला टेकवते.